जांभळ्या पेनाची खूण

मी भित्री आहे. सर्जन होऊन अठरा वर्षं झाली, तरी आहे. आई म्हणायची, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. लेक मोठी होऊन रोज सकाळी हात धुऊन त्याच राक्षसाच्या दारात उभी राहणार आहे, हे तिला बिचारीला काय ठाऊक! लोकांना वाटतं, सुरी धरणारी बाई म्हणजे काळजाची घट्ट. माझा डबा बघा म्हणावं. गेली कित्येक वर्षं तो दुपारी अर्धाच संपतो. ज्याच्या पोटाला सकाळी टाके घातले तो कसा असेल, हा विचार चौथ्या घासाला आला की पोळी घशाखाली उतरत नाही.

आमचं रुग्णालय पौडच्या पुढे, कोळवणच्या वाटेवर. शहरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाची ही गावाकडची शाखा. दोन मजले, साठ खाटा, खिडकीतून भातखाचरं दिसतात आणि खाचरांच्या पलीकडे शहरातल्या लोकांची फार्महाऊसं. शस्त्रक्रिया शिकायला आलेली पोरं पहिल्या वर्षी काही महिने आमच्याकडे असतात. त्यांना शिकवणं आणि सांभाळणं ही दोन्ही कामं माझी. शिकवायची मला कधी भीती वाटली नाही. सांभाळायची मात्र फार वाटते.

त्या वर्षी विभागप्रमुखांनी मला एक काम दिलं. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरला नेमकं काय काय आलं की त्याला रुग्णाजवळ एकटं सोडायचं, याचा मापदंड ठरवायचा होता. "एक पान पुरे, मॅडम. सुटसुटीत यादी करा," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने ते एक पान होतं. मला ते हातात धरवेना.

कारण असं, की मी कागदावर लिहिणार, अमुक गोष्ट पाच वेळा केली की पुरे. एकदा पाच लिहिलं की सहावा माणूस एकट्या पोराच्या हाती जाणार. तो सहावा कोण असेल? कुणाचा बाप, कुणाचा नवरा? त्याला विचारलंय का कुणी, की बाबा रे, पाच पुरे का? पेन उचललं की मला तो सहावा माणूस समोर बसलेला दिसायचा आणि मी चहा करायला उठायचे. पंधरा दिवसांत चहा भरपूर झाला, यादी तीन ओळींची.

त्या महिन्यात माझ्याकडे पहिल्या वर्षाची एकच मुलगी होती. बारीक चणीची, चष्मा सारखा नाकावरून घसरणारा, कामाला मात्र वाघ. कधी 'नाही' म्हणायची नाही. "येईल का गं?" विचारलं की "येईल मॅडम." मला तिचं कौतुक होतं. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा मीही अशीच होते. आमच्या सरांपुढे 'मला येत नाही' म्हणायची छाती कुणाची होती? आम्ही सगळे 'येतं सर' म्हणायचो आणि मग मनातल्या मनात देवाचा धावा करायचो.

त्याच सरांकडून मी एक पद्धत उचलली होती. विद्यार्थ्याच्या हाती सुरी देण्याआधी ते जांभळ्या पेनाने रुग्णाच्या कातडीवर बारीकशी फुली मारायचे. "इथे. घाबरू नकोस," म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. ती फुली दिसली की मला हायसं वाटायचं. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा तसंच जांभळं पेन खिशाला लावलं. गळू असो, गाठ असो, छातीतली नळी असो, फुली मी मारायची आणि काम पोरांनी करायचं. मला ती माझी माया वाटत असे. पोरंही खूश असायची.

छातीतल्या नळीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. बरगडी मोडून फुप्फुसाला टोचली की छातीत हवा साठते, फुप्फुस दबून मिटतं आणि माणूस गुदमरायला लागतो. तेव्हा काखेच्या खाली, दोन बरगड्यांच्या मधून एक नळी आत घालायची आणि ती हवा बाहेर काढायची. दहा मिनिटांचं काम. माणूस डोळ्यांदेखत परत येतो. पण जागा चुकून नळी खाली गेली, तर उजवीकडे तिथे यकृत आहे, आणि मग ज्याला वाचवायला गेलो त्याला आपणच मारलं असं होतं. त्या मुलीने माझ्यासमोर अशा पाच नळ्या घातल्या होत्या. पाचही छान. आदल्याच आठवड्यात मी तिच्या नोंदवहीत 'स्वतंत्रपणे करू शकते' या रकान्यात सही केली होती.

तो दिवस सोमवारचा होता. यादी संध्याकाळपर्यंत द्यायची होती. रुग्णालयात निवांत बसणं काही होत नाही, म्हणून सकाळचा राऊंड उरकून मी दोन-तीन तासांसाठी घरी आले. घर म्हणजे मारुंजीतल्या एका सोसायटीतला भाड्याचा फ्लॅट. आमचे दुसरे सर्जन परीक्षा घ्यायला पुण्याला गेले होते. रुग्णालयात वॉर्ड सांभाळायला ती मुलगी होती, सिस्टर होत्या आणि बाह्यरुग्ण विभागात एक डॉक्टर होते, पण ते त्वचारोगाचे. मनात आलं होतं, जाऊ नये. मग वाटलं, आपण उगाच घाबरतो. आणि सही तर केलीच आहे.

मी चौथी ओळ लिहीत होते: छातीत नळी घालणे, पाच वेळा देखरेखीखाली, त्यानंतर स्वतंत्रपणे. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, एक पेशंट आलाय." मुलीचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत होता. "मेंढपाळ आहेत, साठीचे. सकाळी एडक्याने छातीत धडक दिली. दोन बरगड्या मोडल्यात, उजवं फुप्फुस मिटलंय. एक्स-रे काढलाय. ऑक्सिजन लावलाय, तरी धाप वाढतेय. नळी घालावी लागेल."

"येईल ना?" मी विचारलं. अठरा वर्षांची सवय.

"येईल मॅडम," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी किल्ली घेऊन खाली पळाले. चप्पल घरातलीच राहिली पायात. यादीचा कागद का कोण जाणे हातातच होता, तो शेजारच्या सीटवर टाकला. सोसायटीच्या फाटकाबाहेर आले आणि गाडी थांबली. पुढे वाळूचा टेंपो, त्याच्या पुढे कंपनीची बस, दोन्ही बाजूंनी मोटारसायकली घुसलेल्या. कुणीच हलेना. मी हॉर्नवर हात दाबून धरला, तसा शेजारचा दुचाकीवाला म्हणाला, "उडून जायचंय का मॅडम?" जमलं असतं तर गेले असते.

स्वतःला समजावत होते, पोरीने पाच केल्यात. चांगल्या केल्यात. आणि मग डोळ्यांसमोर त्या पाच छात्या एकेक करून आल्या. पहिला तो मोटारसायकलवरून पडलेला. दुसरी बाई, जिन्यावरून घसरलेली. तिसरा, चौथा, पाचवा. प्रत्येकाच्या काखेखाली एक बारीक जांभळी फुली होती.

तिने पाच नळ्या घातल्या होत्या, पण जागा एकदाही शोधली नव्हती. पाचही वेळा जागा मी शोधली होती. सगळ्यात अवघड तेवढं मी करायचे आणि उरलेलं तिला द्यायचे, आणि वर सही करून मोकळी झाले होते. हे तिलाही कळलेलं नसणार. मलाच आत्ता, या टेंपोच्या मागे, कळत होतं.

मी तिला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. वाटलं, सुरी टेकवली असेल. वाटलं, बोटभर खाली टेकवली असेल. चार बोटं खाली. मला तो म्हातारा दिसायला लागला, न पाहिलेला. माझा सहावा माणूस. मग सिस्टरांना फोन लावला. त्या शेजारच्याच गावच्या, वीस वर्षं या वॉर्डात काढलेल्या. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"म्याडम, बरं झालं बया फोन क्येला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डॉक्टरीणबाई सुरी घिऊन नुसती हुबी हाय. हात टेकवतीया, काढतीया. काय करीनाच. आन् त्यो मानूस निळा पडाय लागलाय."

"फोन तिच्या कानाला लावा."

थोडी खुडबुड ऐकू आली. मग तिचा श्वास. त्याच्याही पलीकडे दुसरा एक श्वास होता, घरघरणारा, तुटक. तो कुणाचा ते मला कळलं.

"जागा कुठे धरलीस?" मी विचारलं.

"मॅडम, खूण नाहीये," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "मला वाटलं मला येतं. तुमची सही आहे ना, म्हणून वाटलं."

त्या वाक्याइतकं कुणी मला कधी मारलेलं नाही. पण रडायला वेळ नव्हता, तिलाही आणि मलाही.

"सुरी खाली ठेव," मी म्हणाले. "मोकळा हात काखेत घाल. पुढे जाड स्नायू लागतो, तो पकड. आता मागचा पकड. मिळाले? दोन्हींच्या मधे ये. स्तनाग्राच्या रेषेच्या खाली अजिबात जायचं नाही. आता वरून बरगड्या मोज, मोठ्याने मोज—"

टेंपो हलला. मागून हॉर्नचा गलका झाला, मी गाडी पुढे घेतली आणि तेवढ्यात फोन तुटला. पुन्हा लावला, लागेना. माण गावाच्या पुढे रेंजचं काही खरं नसतं, हे मला माहीत होतं. मी लावत राहिले. फोनमधली ती ठरलेली बाई तेच तेच सांगत राहिली, की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती.

पुढची चाळीस मिनिटं मी कशी गाडी चालवली ते मला सांगता येणार नाही. घोटावडे फाट्याला वळले एवढं आठवतं. एकदा मेंढरांचा कळप आडवा आला आणि मी स्टिअरिंगवर डोकं टेकून थांबले, कारण मला वाटलं हा त्याचाच कळप आहे आणि आपल्याला थांबवायला आला आहे. भीतीने माणूस वेडा होतो. मी देवाला नवस बोलले, मग तो मागे घेतला, कारण वाटलं, हा मामला देवाचा नाही, माझा आहे. शेजारच्या सीटवर तो कागद होता. पाच वेळा देखरेखीखाली. मी तो उलटा करून ठेवला.

रुग्णालयाच्या पायऱ्या मी घरच्या चपलांनी दोन-दोन चढले. वॉर्डाच्या दाराशी थांबले. आत जायचं धाडस होईना. मग बुडबुड्यांचा आवाज आला. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत असतं आणि छातीतली हवा त्या पाण्यातून बाहेर पडते, त्याचा तो आवाज. एवढा सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

म्हातारा उशाला टेकून बसला होता. ओठांना रंग आला होता. मी त्याच्या काखेखाली बोटं लावून मोजलं. जागा बरोबर होती. अगदी मी मारली असती तिथेच.

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. चष्मा हातात. "फोन तुटल्यावर चार वेळा मोजलं मॅडम," ती म्हणाली. "दोनदा वेगवेगळं आलं. मग सिस्टरांना मोजायला लावलं. त्यांचं आणि माझं जुळलं तेव्हा घातली." मग तिने विचारलं, "माझं काय चुकलं?"

"तुझं नाही," मी म्हणाले. "माझं चुकलं." तिला ते पटलं नाही हे दिसत होतं.

म्हाताऱ्याची बायको पायथ्याशी बसली होती. हातात नवऱ्याचं मुंडासं, डोळे माझ्यावर. मघापासून ती मला जोखत होती.

"मोठ्या डॉक्टरीणबाई तुमीच का?" तिने विचारलं.

"हो, मावशी."

"ही पोर लई थरथरत व्हती. नवी हाय न्हवं?"

"हो. नवी आहे."

"मेंढराचं प्वाट फुगलं का आमीबी टोचतो," ती म्हणाली. "पन टोचनाऱ्याचा हात थरथराय लागला, तर दुसरा म्होरं हुतो. हितं दुसरं कोनच न्हवतं. तुमी कुटं व्हता?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी रागाला राग दिला असता. खोटंही बोलता आलं असतं, मीटिंग होती म्हणून. पण त्या बाईपुढे जीभ वळेना.

"घरी होते," मी म्हणाले. "कागद लिहीत होते."

"कसला कागद?"

"शिकणाऱ्या पोरांना रुग्णापाशी एकटं कधी सोडायचं, त्याचा."

मुंडाशाची घडी तिने मांडीवर सारखी केली.

"मंग?" ती म्हणाली. "झाला का लिवून?"

मी तिथून निघून हात धुवायच्या नळाशी गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

त्याच दुपारी मी मुलीची नोंदवही मागवली आणि माझ्या सहीवर आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'जागा शोधताना पाहिलेलं नाही.' ती बघत होती. तिचं तोंड एवढंसं झालं, कारण तिला ती शिक्षा वाटली. मी सांगितलं, ही रेघ माझ्यावर आहे, तुझ्यावर नाही. तरी तिने दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. म्हातारा आठवड्याने घरी गेला. जाताना त्याच्या बायकोने त्या मुलीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मला नुसती मान हलवून दाखवली.

यादी मी नव्याने केली. त्यात आकडे फार उरले नाहीत. प्रत्येक कामापुढे लिहिलं, की जागा विद्यार्थ्याने स्वतः शोधायची, तिथेच का, ते मोठ्याने सांगायचं, आणि तोवर शिकवणाऱ्याने हात खिशात ठेवून गप्प बसायचं. आणि खाली लिहिलं, की विद्यार्थी 'येत नाही' म्हणाला तर त्याचे गुण कापायचे नाहीत. विभागप्रमुखांनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, मी यादी मागितली होती. हा तर कबुलीजबाब आहे," ते म्हणाले. पण पान ठेवून घेतलं.

खिशात हात ठेवून गप्प बसणं लिहायला सोपं आहे. तीन आठवड्यांनी बांधकामावरून पडलेला एक मजूर आला, सडपातळ, पंचविशीचा. डावं फुप्फुस मिटलेलं. मी मुलीला म्हणाले, "तू शोध." जांभळं पेन माझ्या खिशात होतं, ते मी मुठीत आवळून धरलं. तिने काखेत हात घातला, मोजलं आणि एका जागी बोट ठेवलं. ते खाली होतं. एक बरगडी खाली. माझ्या घशाशी शब्द आला. तिने मान वर करून माझा चेहरा बघितला, नेहमी बघायची तसा. मी खिडकीतून खाचरांकडे पाहत राहिले. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचं बोट दिसत होतं, सुरीही. ती सुरी टेकवेपर्यंत गप्प बसायचं, त्यापुढे नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. पण ते अंतर केवढं असतं!

तिने बोट उचललं. पुन्हा काखेत गेली, या वेळी पुटपुटत मोजलं, आणि एक बरगडी वर आली.

"मॅडम, इथे."

"कशावरून?" मी विचारलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

तिने सांगितलं. पुढचा स्नायू, मागचा स्नायू, कितवी बरगडी, आणि आधी कुठे चुकली तेही. मग नळी घातली. बाटलीत बुडबुडे आले.

काम आवरल्यावर मी तिची वही पुढे ओढली, खोडलेल्या सहीच्या खाली जागा होती तिथे पेन टेकवलं. तिने वहीवर हात ठेवला.

"नको मॅडम, आज नका करू सही," ती म्हणाली. "हा बारीक होता, बरगड्या डोळ्यांनी दिसत होत्या. जाड माणसाच्या मला अजून सापडायच्या नाहीत. तसा कुणी आला तर मी तुम्हाला बोलवेन."

एवढी वर्षं मी पोरांना विचारत आले, येईल का, येईल का. काय येणार नाही, ते मला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. मीही कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी पेनाला टोपण लावलं. दीड वाजून गेला होता. वॉर्डात अकरा रुग्ण होते आणि त्या मजुराची नळी ताजी होती.

"मी जेवून येते," मी तिला म्हणाले. "वॉर्ड तुझ्याकडे."

जिना उतरताना एकदा मागे वळून पाहिलं; भीती काही एका दिवसात जाणार नाही. खाली जाऊन मी डबा उघडला. चौथा घास झाला, पाचवा झाला. मी पोळी संपवली आणि भाताला हात घातला.